नोव्हिया

एका ओळीत बेचाळीस अक्षरं, पडद्यावर दोनच ओळी.
जोडाक्षर मशीन कधी एक मोजतं, कधी तीन,
त्यावरून दर शुक्रवारी महापेच्या ऑफिसात भांडण.
हे माझं काम: स्पॅनिश ऐकायचं,
मराठी खाली ठेवायचं
आणि ओठ मिटायच्या आत उचलून घ्यायचं.

या खेपेला नऊ भागांची मालिका.
थंड समुद्राकाठी मासळी डब्यांत भरायचा कारखाना,
सत्तर वर्षांपूर्वीचा,
आणि दोन बायका, इनेस आणि मारुशा,
सार्डिनची डोकी उडवता उडवता
एकमेकींच्या बोटांवर येऊन थांबणाऱ्या.

चौथ्या भागात, मिठाच्या गोदामात,
इनेस म्हणते: ते किएरो.
दोन शब्द. कोण बोललं, कोणाला,
काही कळू देत नाहीत.
अंधारात कुणीही कुणालाही म्हणावं.

मराठीत ही सोय नाही.
'हवी' म्हटलं की समोर ती उभी.
'करते' म्हटलं की बोलणारी पकडली गेली.
मी अकरा वर्षं 'कोणीतरी आहे' म्हणत आले,
मावशीला, स्थळं आणणाऱ्या काकांना, डॉक्टरीणबाईंना.
कोणीतरी.
या शब्दाला लिंग नाही,
थंडीत आपल्या पायांना लागतील असे पायही नाहीत.

मी लिहिलं: मला तू हवी आहेस.
अर्धीसुद्धा ओळ भरली नाही.

सहाव्या भागात पोलीस विचारतो, ही तुझी कोण?
मारुशा म्हणते: मि नोव्हिया.
प्रेयसी, वाग्दत्त वधू, नवरी,
सगळ्या एकाच शब्दात दाटीवाटीने बसलेल्या.
माझ्या कानाला तर तो नवरीच्या माहेरचाच वाटतो,
कोशवाल्यांनी काय म्हणायचं ते म्हणावं.
वरून शेरा आला: 'मैत्रीण' ठेवा. घरातले सगळे मिळून बघतात.
मी ठेवली.
महिनाअखेर होती, घराचा हप्ता होता.

शनिवारी दिवाळे गावात, आईकडे.
तिने मालिका लावलेलीच, चष्मा नाकावर,
बोंबलांची टोपली मांडीशी.
"ही बाय म्हावरा कापतंय का पेन्सिल तासतंय?"
इनेस नापास.
मारुशाची सुरी मात्र तिला पसंत.

आई अक्षर अक्षर लावून वाचते, बोट हवेत धरून.
ही... माझी... मैत्रीण.
ओळ पुसली गेली तरी बोट तिथंच.
"मैत्रिनीकरं असा कोन बगतं गो?
लिवनाऱ्याला डोलं नाय का?"

लिहिणारी शेजारी बसून
बोंबलाच्या शेपट्या खुडत होती.

तेवढ्यात माझा फोन थरथरला.
'निमिषा गॅस एजन्सी'.
मी उलटा ठेवला.
आईने टोपली स्वतःकडे ओढली.
"तुज्याकरं पाइपाचा गॅस येऊन तीन वरसा झाली,"
ती म्हणाली. मला नाही, बोंबलाला.

मग पंख्याचा आवाज. बाहेर कुणीतरी
होडीचा बुडखा खरवडत होतं, थांबत होतं, परत खरवडत होतं.

"मरतं का गो यातली एक? शेवटाला?"

तिला माहीत असलेल्या गोष्टींत
अशी एक मरतेच. विहीर, नाहीतर औषधाची बाटली.
पण मी नऊही भाग पाहिलेत, अक्षरं मोजून.
नाही, म्हटलं. कारखाना बुडतो. मालक पळतो.
त्या दोघी एक जुनी होडी विकत घेतात,
तिचं इंजिन चालू होत नाही.

"मंग शिकतील. लाव फुडचा."

बेलापूरच्या थांब्यावरून मी निमिषाला फोन केला.
नाव अजून तेच आहे, गॅस एजन्सी. सवय.
काय म्हणाली आई, तिने विचारलं,
आणि मला नेमकं वाक्य सापडेना,
मी, जी वाक्यांचेच पैसे घेते.

सोमवारी फाइल उघडली.
सहावा भाग, एकतिसावं मिनिट.
शब्द बदलला की कारण द्यावं लागतं, त्याला वेगळा रकाना आहे.
मी भरला:
प्रेक्षकाची तक्रार.
गाव दिवाळे.